रक्ताचा वाफसा

व्हॉल्व्ह बदलून घरी आलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न विचारतात, "किती गेले?" म्हणजे पैसे किती गेले. दुसरा प्रश्न, "आता ठणठणीत ना?" या दोन प्रश्नांच्या पलीकडं कोणी जात नाही. गावकरी जात नाहीत, पुढारी जात नाहीत, आणि ज्यांनी छाती उघडून शिवली ते डॉक्टरही जात नाहीत. ऑपरेशन झालं म्हणजे काम झालं. मी सहा वर्षं धातूच्या व्हॉल्व्हवर जगतोय आणि मला हे मान्य नाही. ऑपरेशन म्हणजे पेरणी. पेरून घरी येऊन झोपणाऱ्याला आपण शेतकरी म्हणतो का?

माझा आजार जुना. 1972 च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. आई-वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे आणि तिथं मिळणारी सुकडी आम्ही पोरं खायचो. त्या साली माझा घसा धरला, मग ताप आला, मग सांधे सुजले. आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट. आजीनं निर्गुडीचा पाला गरम करून बांधला. महिन्याभरानं सूज उतरली, मी विटी-दांडू खेळायला लागलो, घरातले विसरले. हा सांध्यांचा ताप घशातल्या एका जंतूपायी येतो, सांधे बरे होतात, पण हृदयाची झडप आतल्या आत जाड होत जाते, हे मला पंचेचाळीस वर्षांनी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. यावर तेव्हा औषध नव्हतं असंही नाही. पेनिसिलीन होतं. पिंपरीच्या सरकारी कारखान्यात 1955 पासून ते तयार होत होतं. आमच्या माणदेशातून पिंपरी म्हणजे एका दिवसाची वाट. तेवढी वाट ते औषध सतरा वर्षांत चाललं नाही.

हे सांगायचं कारण एवढंच, की औषध असणं आणि औषध पोचणं यात जी वाट आहे तिच्यावरच आमच्यासारखी माणसं पडतात. आजार लागला तेव्हाही तिथंच पडलो, आणि बरं व्हायची वेळ आली तेव्हाही.

ऑपरेशन 2018 च्या फेब्रुवारीत पुण्याला झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट हात जोडून सांगतो की ते चांगलं झालं. केशरी रेशनकार्डावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलो, नाहीतर दोन एकर विकावी लागली असती. बसवलेला व्हॉल्व्हही आपल्याच देशातला, 'चित्रा' नावाचा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत डॉ. वल्यथान आणि त्यांच्या माणसांनी खपून तो बनवला आणि 1990 साली पहिल्यांदा माणसाच्या छातीत बसवला. परदेशी व्हॉल्व्ह गरिबाला परवडत नव्हता म्हणून त्यांनी ही खटपट केली. आत एक चकती असते, ती ठोक्यागणिक उघडते-मिटते. दिवसाला लाखभर वेळा. रात्री सामसूम झाली की तिची टिकटिक मला ऐकू येते, शेजारी झोपलेल्या आमच्या मंडळींनाही येते. पहिल्या रात्री ती म्हणाली, "आवं, घड्याळ गिळून आल्यासारखं वाजतंय की."

पण ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळचं एक सांगतो. एक तरुण डॉक्टर आले. "काका, धातूचा बसवायचा की टिशूचा?" टिशूचा म्हणजे जनावराच्या कातड्या-पडद्यापासून केलेला. तो दहा-पंधरा वर्षं टिकतो, मग परत बदलावा लागू शकतो. धातूचा जन्मभर टिकतो, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्त तपासत राहावं लागतं. वय एकोणसाठ, तर धातूचा बरा, असं ते म्हणाले. वय विचारलं, साखर आहे का विचारलं, दारू-तंबाखू विचारलं, कार्डाचा रंग विचारला. एक प्रश्न राहिला, "काका, तुमच्या गावाजवळ हे रक्त कुठं तपासून मिळतं?" हा प्रश्न त्या दवाखान्यात मला कोणीच विचारला नाही. माझं सगळं भांडण त्या न विचारलेल्या प्रश्नाशी आहे.

ते रक्त तपासणं म्हणजे काय, हे आधी सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते ठाऊक नसणार. धातूवर रक्त साकळायला बघतं. चकतीवर गुठळी धरली तर चकती अडकते, किंवा गुठळीचा तुकडा मेंदूत जाऊन अर्धांग होतं. म्हणून रक्त पातळ ठेवायचं. पण फार पातळ झालं तर आतल्या आत रक्तस्राव. यात नेमकं कुठं आहोत ते सांगणारा आकडा म्हणजे आयएनआर. साध्या माणसाचा तो 1 च्या आसपास. माझ्यासारख्याचा अडीच ते साडेतीनच्या मधे पाहिजे. शेतकऱ्याला हे एका शब्दात कळतं: वाफसा. रान कोरडं नको, चिखल नको. वाफशावर रक्त ठेवायचं आणि ते ठेवायला गोळी अर्धी, पाऊण, एक अशी कमीजास्त करायची. वाफसा जसा जमीन पायाखाली घेतल्याशिवाय कळत नाही, तसा हा आकडा तपासल्याशिवाय कळत नाही.

त्या गोळीची कुळकथाही शेतकऱ्याचीच आहे. अमेरिकेत आणि कॅनडात शंभर वर्षांपूर्वी गुरं रक्त वाहून मरायला लागली. लसूणघासाच्या भाऊबंदातला एक चारा साठवणीत बुरशी धरून खराब झालेला, तो खाल्ल्यानं. 1933 साली विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड आणि न साकळणाऱ्या रक्ताचं कॅन घेऊन बर्फातून विद्यापीठात गेला. तिथं कार्ल लिंक नावाच्या शास्त्रज्ञानं त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधलं, त्यावरून पुढं वॉरफरीन निघालं. 1948 मध्ये ते उंदीर मारायला बाजारात आलं, आणि 1954 पासून माणसाला औषध म्हणून द्यायला लागले. आपण उंदरांसाठी ब्रोमाडिओलोन ठेवतो, ते याच भावकीतलं. पुतण्या डी. फार्मसी करतो त्यानं हे सांगितलं तेव्हा मी हसलो. मग हसू थांबलं. कृषी सहायक आम्हाला ब्रोमाडिओलोनचं पुडकं देताना हातमोजे घाला, पोरांपासून लांब ठेवा, एवढं बजावून सांगतो. मला त्याच घराण्यातली गोळी जन्मभरासाठी दिली, आणि बजावून सांगायला कोणी नव्हतं.

सांगितलं नाही असं दवाखाना म्हणणार नाही. कागदावर होतं. सहा पानांच्या इंग्रजी कागदात चौथ्या पानावर लिहिलं होतं, आठ दिवसांनी आयएनआर करणे. तोंडी मिळालेली तारीख एक महिन्यानंतरची. घरी आल्यावर अकराव्या दिवशी मला दम लागायला लागला. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून भिंतीला टेकून रात्र काढायची. पाय सुजले. बघायला येणारा जो तो म्हणायचा, "एवढं मोठं आपरेशन झालंय, अशक्तपणा ऱ्हायचाच." कागदावर छापलेल्या नंबरला मुलानं फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, तुमची तारीख पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा या.

मुलगा तारखेला थांबला नाही. रात्री जीप केली. पुण्यात सोनोग्राफीसारखी तपासणी केली तर हृदयाच्या भोवती रक्ताळलेलं पाणी साठून हृदय आवळलं होतं. आयएनआर पाचाच्या वर. नळी घालून पाऊण लिटर काढलं. काढता काढताच श्वास मोकळा झाला, इतका की मला डोळ्याला पाणी आलं. सकाळी मोठे डॉक्टर राऊंडला आले. शांतपणे म्हणाले, "हे होऊ शकतं. काही पेशंटना होतं."

डॉक्टरसाहेब, हे होऊ शकतं हे तुम्हाला ठाऊक होतं, तर मला का ठाऊक नव्हतं? माझ्या सुनेला का नव्हतं? ती बारावी शिकलेली आहे. "आडवं झाल्यावर दम लागला, पाय सुजले, तर तारखेची वाट न बघता लगेच या" हे एक वाक्य मराठीत लिहून दिलं असतं तर तिनं ते तुळशीवृंदावनाजवळ चिकटवून ठेवलं असतं. खताच्या पिशवीवर मराठीत लिहिलेलं असतं. पशुखाद्याच्या पोत्यावर असतं. कीटकनाशकाच्या बाटलीला बारा भाषांची घडी बांधलेली असते, त्यात मराठी असते. माणसाची छाती उघडून मिटवली, त्याचा कागद मात्र इंग्रजीत.

पथ्याचं तेच. जाताना कोणीतरी घाईघाईत सांगितलं, "पालेभाजी बंद." मेथी, पालक, शेपू, चाकवत, कोथिंबीर, सगळं बंद. ज्याच्या रानात वर्षाला चार वाफे मेथी निघते त्याला. मी वर्षभर बेसन आणि बटाटा खाल्ला. पुढं एका जाणत्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पालेभाजीनं गोळीचा जोर कमी होतो हे खरं, पण बंद करायची गरज नाही. दर आठवड्याला सारखीच खायची, एकदम वाढवायची नाही, एकदम सोडायची नाही. म्हणजे पाण्याची पाळी ठरवून घ्यायची, इतकं सोपं. पण 'बंद' म्हणायला एक क्षण पुरतो, आणि पाळी समजावायला पाच मिनिटं लागतात.

ऑपरेशननंतर दोन वर्षांनी मला थंडीताप आला. जवळच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांना पहिल्यांदा हेच सांगितलं, की माझं रक्त पातळ आहे, व्हॉल्व्ह आहे. ते म्हणाले, "आप्पा, एका सुईनं काय हुतंय?" आणि कंबरेत सुई टोचली. संध्याकाळपर्यंत तिथं कवठाएवढी गाठ, रात्रीत निम्मी मांडी काळीनिळी. आठ दिवस पालथा पडून होतो. मांसात सुई द्यायची नाही हा आमच्यासारख्यांसाठी साधा नियम आहे. पण त्या एकट्या डॉक्टरला तरी किती बोल लावू? आमच्या भागात सुई न टोचणाऱ्याला लोक डॉक्टर मानत नाहीत. आणि पुण्याच्या दवाखान्यानं या डॉक्टरला उद्देशून दोन ओळींचं पत्र कधी दिलं होतं? अमुक सुई नको, दुखण्यावरच्या अमुक गोळ्या नकोत, जुलाबाला मेट्रोनिडाझोल देणार असाल तर गोळीचं बघा कारण त्यानं रक्त आणखी पातळ होतं, दात काढायचा असेल तर आधी विचारा. ऑपरेशन करणारा शहरात, रोजच्या तापाला-जुलाबाला बघणारा खेड्यात, आणि दोघांची गाठ नाही. मधे मी, टिकटिक करत.

हे सगळं बोललं की एक उत्तर ठरलेलं मिळतं. आरोग्याच्या एका कार्यक्रमात मी ते कानांनी ऐकलं: "खेड्यातले पेशंट गोळ्या चुकवतात, तपासणीला येत नाहीत, मग गुंतागुंत होते." म्हणजे दोष आमचा.

मी तिथं उठून बोललो, तेच इथं लिहितो. डाळिंबाच्या बागेत कोणत्या तारखेला ताण सोडला, कितव्या दिवशी काय फवारलं, पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली, हे आम्ही झोपेतून उठवलं तरी सांगू. गाभण म्हशीची तारीख भिंतीवर कोळशानं लिहिलेली असते. आम्हाला तारखा पाळता येत नाहीत हे कोणी सांगावं? तपासणी जिल्ह्याच्या गावाला. पहाटे उठून जायचं, एसटी मिळाली तर दोन तास. रक्त द्यायचं, संध्याकाळी आकडा मिळणार. तो आकडा घेऊन गोळी ठरवणारा डॉक्टर पुण्यात, तिथले शिकाऊ डॉक्टर सहा महिन्यांनी बदलणार, नवा विचारणार, "तुम्ही कोण?" तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चौकशी केली तर खिडकीवर उत्तर मिळालं, ही तपासणी इथं होत नाही.

आता आमच्या गावच्या दूध संकलन केंद्राचं बघा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. माझ्या म्हशीचं तीन लिटर दूध केंद्रावर जातं, मशीन त्यात नळी बुडवतं, फॅट, एसएनएफ आकड्यांत दाखवतं, छापील चिठ्ठी हातात येते. दिवसातून दोन वेळा, गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या प्रत्येक किटलीचं. 2020 च्या टाळेबंदीत एसटी बंद झाली आणि माझं रक्त साडेतीन महिने तपासलं गेलं नाही. दुधाची तपासणी एक वेळ चुकली नाही. दुधाला गिऱ्हाईक आहे, म्हणून यंत्र गावात आलं. रक्ताचा थेंब बोटातून काढून जागच्या जागी आयएनआर सांगणारं यंत्रही निघालेलं आहे, साखरेच्या यंत्रासारखंच. जर्मनीत पुष्कळ पेशंट घरी बसून स्वतःच तपासतात. ते आमच्यापेक्षा शहाणे आहेत असं मला वाटत नाही. त्यांच्या हातात यंत्र आहे.

शेजारच्या वाडीतली एक मेंढपाळाची सून होती. वय तिशीच्या आतलं. तिलाही लहानपणच्या तापानं झडप गेलेली, तिच्याही छातीत धातूचा व्हॉल्व्ह. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन ती माणसं खाली चाऱ्याला निघतात, चार-पाच महिने आज या रानात, उद्या त्या रानात. ती मागं घरी कोणाजवळ राहणार? नेलेल्या गोळ्या संपल्या. वाटेतल्या मेडिकलात दोन ठिकाणी ती गोळी नव्हती, तिसऱ्यानं चिठ्ठी नवी आणा म्हणून सांगितलं. नवी चिठ्ठी देणारा पुण्यात. तिच्या नवऱ्यानं मला नंतर सांगितलं, "आण्णा, रातच्याला तिची टिकटिक यायची. त्या आठवड्यात बारीक बारीक होत गेली. मला वाटलं, बरी व्हाय लागली." चकतीवर गुठळी धरत होती. तालुक्याच्या वाटेवर टेंपोतच ती गेली. दोन लेकरं आहेत.

तिचं ऑपरेशन सरकारच्या हिशेबात यशस्वी आहे. ते कुठल्यातरी अहवालात मोजलं गेलं असेल. तिच्या मरणाला कुठला रकाना? योजनेत काही ऑपरेशनांना नंतरच्या तपासणीचीही सोय धरलेली आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती सोय ऑपरेशनच्या दवाखान्यात जाऊन घ्यायची, आणि व्हॉल्व्ह जन्मभराचा. मेंढरांमागं पुण्याला कसं जायचं?

आणखी एक गोष्ट आहे जी गडीमाणसं बोलत नाहीत. ऑपरेशननंतर तीन-चार महिने मला कारण नसताना रडू यायचं. बैल पाण्यावर गेलेला बघितला तरी. छातीचं हाड सांधेपर्यंत कळशी उचलायची नाही, म्हणून मी ओट्यावर बसून आणि आमची मंडळी धारा काढून, वैरण आणून, वर माझ्या गोळ्या मोजून. लोक म्हणायचे, आता तुम्ही बसून खायचं. बसून खाणं ही शिक्षा आहे हे त्यांना कोण सांगणार? पुढं कळलं की हे असं मन बसणं हृदयाच्या ऑपरेशननंतर पुष्कळांना होतं, आणि हळूहळू चालणं वाढवलं, कामाला लागलं की निवळतं. हेही त्या सहा पानांत नव्हतं. मी चौथ्या महिन्यात खुरपं हातात घेतलं, कोणाला न विचारता, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा भूक लागली.

आमच्या पंचक्रोशीत धातूचे व्हॉल्व्ह असलेले आता चौघे आहोत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मिळून एक जीप ठरवतो, भाडं वाटून घेतो, रक्त देऊन येतो. आकडे मी वहीत लिहितो, चौघांचे. पुतण्यानं एक मराठी कागद तयार करून दिलाय, कोणती लक्षणं दिसली तर थांबायचं नाही, कोणत्या गोळ्या-सुया चालत नाहीत. त्याच्या प्रती मी आसपासच्या पाच डॉक्टरांना आणि तीन मेडिकलवाल्यांना नेऊन दिल्या. एकानं तो काचेखाली ठेवला. एकानं, "आम्हाला शिकवता का?" म्हणून परत केला.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी अर्ज दिला. तीनच मागण्या होत्या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आयएनआर तपासणी आठवड्यातून एक दिवस तरी व्हावी. रक्त पातळ करायची गोळी तिथं फुकट मिळावी. आणि ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक दवाखान्यानं घरी सोडताना मराठीत कागद द्यावा, एक पेशंटला, एक त्याच्या गावाकडच्या डॉक्टरला. सरपंच म्हणाले, "आण्णा, विषय चांगला हाय, पर ह्यो आपल्या हातातला न्हाई, वर पाठवू." त्याच सभेत वेशीवरच्या स्वागत कमानीचा ठराव एकमतानं मंजूर झाला.

ठराव वर गेला का, हे विचारायला मी चार वेळा ग्रामपंचायतीत गेलो. अर्जाची पोच माझ्याजवळ आहे, शिक्का मारलेली.